वाडा पाडण्याचे कायदेशीर मार्ग

दिवाणी दाव्यात घराचं वर्णन करायची एक रुळलेली रीत आहे. आधी शीट नंबर, मग सिटी सर्व्हे नंबर, घर क्रमांक, आणि शेवटी चतुःसीमा: पूर्वेस सरकारी रस्ता, पश्चिमेस अमक्याची भिंत, दक्षिणेस बोळ, उत्तरेस तमक्याचा पडका वाडा. नागपूरच्या महाल या जुन्या वस्तीतल्या दाव्यांत हा ‘पडका वाडा’ फार वेळा येतो. आणि ज्या वाड्याचा दावा चालू असतो, तोही काही वर्षांनी शेजाऱ्याच्या दाव्यात ‘पडका वाडा’ म्हणूनच उतरतो. नागपूरच्या कोर्टात मी जन्मभर घरभाड्याची आणि वाटणीची प्रकरणं चालवली, कधी मालकाकडून, कधी भाडेकरूकडून. वाड्यांवर लिहितात ते बहुधा वास्तुरचनाकार, नाहीतर बालपणाच्या आठवणी काढणारे. मला वाडा कळला तो कोर्ट कमिशनरच्या नकाशांतून आणि उलटतपासण्यांतून. म्हणून माझं म्हणणं रुक्ष वाटेल, पण ते असं आहे: महालातले वाडे काळाच्या ओघात पडले असं आपण म्हणतो, ते खरं नाही. ते नियमाप्रमाणे पाडले गेले आहेत. त्यातले काही नियम अजून बदलता येतात.

बाहेरचा पाहुणा महालात आला की विचारतो, भोसल्यांचा राजवाडा कुठे? त्याला उरलेला नगारखाना दाखवावा लागतो. काळ्या दगडाचा, कोरीव लाकूडकामानं मढवलेला तो जुना राजवाडा १८६४ साली आगीत गेला. भोसले घराणं आजही महालात राहतं, पण तो वाडा वेगळा. म्हणजे नागपुरात वाड्यांची परंपरा म्हणून जे काही उरलं, ते मुख्यतः चिटणीस, सरदार, सावकार, पुजारी, कारकून या मंडळींनी बांधलेलं. राजाच्या घरापेक्षा राजाच्या नोकरांची घरं जास्त टिकली. वकील म्हणून मला हे फार सूचक वाटतं, कारण यातल्या एकाही घराचं संरक्षण करायला कधी कुठलं सैन्य नव्हतं. होते ते फक्त कागद.

हे लोक इथे आले कसे, तेही थोडक्यात सांगते. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह यानं १७०२ च्या सुमारास बारा वाड्या-वस्त्या जोडून नागपूर वसवलं. त्याच्यामागून आलेल्या चांद सुलताननं राजधानी इथे आणली, कोट घातला, आणि ज्याला आपण आज गांधीसागर म्हणतो तो जुम्मा तलाव बांधला. गांधी गेट म्हणजे त्या कोटाचा जुम्मा दरवाजा. पुढे अठराव्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकात पहिल्या रघुजी भोसल्यांनी सत्ता हातात घेतली. भोसले मूळचे साताऱ्याकडच्या देऊरचे. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यामागून घाटावरची मराठी घराणी आली आणि त्यांनी इथे तिकडच्यासारखी घरं बांधली. सामान मात्र इथलं. सीताबर्डीची टेकडी म्हणजे दख्खनच्या काळ्या दगडाचं पूर्वेकडचं टोकच. दगड दारात होता. आणि सागवान? गोंडवनाच्या जंगलात सागवानाला काय तोटा! पुण्याच्या माणसाला तुळईसाठी जे लाकूड लांबून आणावं लागे, ते नागपूरच्या माणसाला जवळ मिळे. इथल्या वाड्यांचे खांब हाताच्या कवेत मावत नाहीत, त्याचं कारण हे.

कोर्ट कमिशनर नकाशा काढतो तेव्हा त्याला ‘वारसा’ वगैरे काही दिसत नाही. तो टेप धरतो आणि लिहितो. रस्त्यावर मोठा दरवाजा, त्यात माणसापुरती दिंडी. आत देवडी, दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांचे ओटे. आता एकावर सायकली, दुसऱ्यावर इस्त्रीवाला. मग पहिला चौक, फरसबंद. चारही बाजूंनी सपरी. दगडी उथाळ्यांवर सुरूचे खांब, वर केळफुलं कोरलेल्या महिरपी. उत्तरेच्या सपरीत बैठक. मूळ मालकाची कचेरी इथेच भरायची. तिथल्या बंगईच्या कड्या अजून तुळईला असतात, बंगई नसते. बोळातून पुढे दुसरा चौक: माजघर, देवघर, तुळस, बाळंतिणीची अंधारी खोली. तिसऱ्या चौकात विहीर, गोठा, न्हाणी, आणि त्यामागे सांदवाडी. वरच्या मजल्यावर कडीपाट, त्यावर मातीचा थर, त्याच्याही वर कवेलू. जागा मोजायची ती चौरस फुटांत नाही, खणांत. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. भाडेचिठ्ठीत लिहिलेलं असतं, ‘दोन खण, वापरास सामाईक नळ व चौक’.

या खणांमध्ये एक गोष्ट आहे जी मी एका जुन्या सुताराच्या साक्षीतून शिकले. वाड्याचा भार भिंतीवर नसतो, लाकडी सांगाड्यावर असतो. भिंत नुसती भरणी. म्हणून भाडेकरूनं मधली भिंत काढली तरी घर बसत नाही, आणि मालकानं दोन खांबांमध्ये नवी भिंत घातली की एका कुटुंबाची जागा तयार होते. समोरच्या वकिलाला सिद्ध करायचं होतं की माझ्या अशिलानं भिंत पाडून इमारतीला धोका आणला. सुतार म्हणाला, “साहेब, भित काढा का ठेवा, त्याले काही होत नाही. त्याले पाणी मारून राहिलं न जी.” पाणी म्हणजे फुटक्या कवेलूतून तुळईच्या टोकात मुरणारं. तुळईचं जे टोक भिंतीत बसवलेलं असतं, तिथे ओल कोंडते आणि लाकूड आतून कुजतं. बाहेरून खांब ठणठणीत दिसतो. मग एखाद्या श्रावणात रात्री कोपरा खाली येतो आणि सकाळी पेपरात छापून येतं, ‘दोनशे वर्षं जुना वाडा कोसळला’. वय दोनशे असेल, पण दुखणं बहुतेक वेळा पाच-सात पावसाळ्यांचं असतं. रोहिणी लागल्या की कवेलू फेरायची, फुटकी काढायची, माकडांनी विस्कटलेली ओळ नीट लावायची, एवढं जर दरवर्षी झालं तर वाड्याला विशेष काही लागत नाही.

हे करणं कधी थांबलं? पहिला खंड १८५४ चा. तिसरे रघुजी डिसेंबर १८५३ मध्ये वारले, औरस वारस नव्हता, आणि डलहौसीनं राज्य खालसा केलं. राजवाड्यातले दागिने, हत्ती, घोडे लिलावात निघाले, हे शाळेत शिकवतात. राज्याबरोबर दरबारच्या नोकऱ्या गेल्या, हे तितकंसं शिकवत नाहीत. ज्या पगारावर आणि मोकाशांवर पहिल्या चौकातली कचेरी चालायची, तेच आटले. तीन चौकांचा वाडा आणि एका चौकाचं उत्पन्न, अशी घरं तेव्हा तयार झाली.

पुढे १८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झालं. सत्ता सीताबर्डीच्या टेकडीपलीकडे, सिव्हिल लाइन्सला गेली. १८६७ साली रेल्वे आली, १८७७ साली एम्प्रेस मिल. ज्यांना जमलं ते टेकडी ओलांडून गेले. सर गंगाधरराव चिटणवीस हे महालातल्या वाड्याचं घराणं, पण त्यांचा सिव्हिल लाइन्समधला बंगला आज चिटणवीस सेंटर म्हणून सगळ्यांच्या ओळखीचा आहे. तिथे गाणं ऐकायला जाणाऱ्यांपैकी किती जणांनी महालातला चिटणवीस वाडा आतून पाहिलाय, कोण जाणे. वाड्यात मोकळी जागा मधोमध आणि घर भोवती. बंगल्यात घर मधोमध आणि मोकळी जागा भोवती. नव्या साहेबी प्रतिष्ठेला दुसरी तऱ्हा मानवत होती. आणि बुटींचं पाहा. नागपूरचे धनाढ्य बापूसाहेब बुटी यांनी बांधलेला सगळ्यात प्रसिद्ध वाडा नागपुरात नाहीच, शिर्डीत आहे. १९१८ च्या दसऱ्याला साईबाबा गेले आणि त्यांना त्याच वाड्यात समाधी दिली. आज देशभरचे लोक रांगेत उभं राहून जे समाधी मंदिर पाहतात, ते एका नागपूरकराच्या वाड्याचं बांधकाम. जे वाडे ओस पडले त्यांचंही काही ना काही झालंच: महालातल्या मोहिते वाड्याच्या पडीक आवारात १९२० च्या दशकात संघाची शाखा भरू लागली आणि पुढे तिथेच संघाचं मुख्यालय उभं राहिलं.

बाकीच्यांनी भाडेकरू ठेवले. सचिवालय, शाळा, रेल्वे, छापखाने यांनी शहरात माणसं आणली आणि त्या माणसांना दोन खण हवे होते. माझे वडील त्यातलेच, शाळामास्तर. म्हणून वाड्याचं गुणगान मला फार वेळ ऐकवत नाही. चौदा बिऱ्हाडांत एक नळ होता. माजघरात दिवसा दिवा लावावा लागे. मागच्या बोळात संडासाची छोटी दारं होती, मैला उचलणाऱ्या बायांसाठी. त्यांनी वाड्याचा पहिला चौक कधी पाहिला नसेल. ज्या घराच्या रचनेतच कोणी कुठवर यायचं हे दगडात ठरवलेलं आहे, ते घर जपताना तेही लक्षात ठेवूनच जपावं. पण मे महिन्यात आम्ही त्या दोन खणांत कुलरशिवाय झोपत होतो, हेही खरं. २३ मे २०१३ ला नागपूरनं ४७.९ अंश पाहिले. हात-दीड हात जाडीची भिंत, मातीचा थर असलेला कडीपाट आणि रात्री गार पडणारा चौक, हे सगळं नेमकं त्याच आकड्यासाठी रचलेलं आहे. आज त्या जागी काचेच्या दर्शनी भागाची चार मजली दुकानं उभी राहतात आणि त्यांच्या एसीची गरम हवा बोळात सोडली जाते.

आता माझ्या धंद्याकडे येते. १९४९ साली मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा घरभाडे नियंत्रण आदेश लागू झाला. विदर्भात तो पुढे पन्नास वर्षं चालला, थेट ३१ मार्च २००० ला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम अमलात येईपर्यंत. आदेशाचा हेतू चांगला होता. फाळणीनंतरच्या टंचाईत मालकानं माणसाला रस्त्यावर काढू नये, हा. भाडेकरूला काढायचं तर मालकानं आधी भाडे नियंत्रकाची परवानगी घ्यायची, मग नोटीस द्यायची, मग दिवाणी कोर्टात दावा लावायचा. एवढ्या पायऱ्या चढेपर्यंत अर्जदाराचा मुलगा वारस म्हणून रेकॉर्डवर यायचा. भाडं मात्र जिथल्या तिथे. माझ्या एका अशिलाचे सात भाडेकरू मिळून जे भाडं देत, त्यात वर्षाची कवेलूसुद्धा येत नव्हती. मालक भाडं घेत नसे, कारण घेतलं तर भाडेकरू मान्य केल्यासारखं होईल. भाडेकरू ते मनीऑर्डरनं पाठवी. मालक ‘घेण्यास नकार’ लिहून परत करी. पोस्टाचं कमिशन तेवढी कोणाची तरी कमाई झाली.

दुरुस्तीसाठी जागा रिकामी हवी, हे परवानगी मागण्याचं एक वैध कारण होतं. मग काय होणार? मालकाला दुरुस्ती न करण्यात फायदा दिसू लागला. तो कवेलू फेरत नसे. भाडेकरूही फेरत नसे, कारण घर त्याचं नव्हतं. फार तर आपल्या खणावर तो ताडपत्री टाकी. ही कोणाची दुष्टाई नव्हती. दोघंही माझ्यासमोर बसून अगदी शहाण्यासारखं बोलत. त्या शहाणपणातून जे साचलं ते पाणी तुळईत गेलं. नव्या कायद्यानं वर्षाला चार टक्के भाडेवाढ दिली. बारा रुपयांवर चार टक्के! त्यानं तुळई बदलत नाही.

मग धोकादायक इमारतीची नोटीस. महापालिकेनं ती द्यावी यासाठी कोण अर्ज करतं, हे वाचकांनी ओळखलं असेल. मी काही प्रकरणांत अशा नोटिशीला आव्हान दिलं आहे. अभियंत्याचा अहवाल वाचला तर त्यात ‘उत्तरेकडील कोपरा’ धोकादायक असतो आणि आदेशात ‘संपूर्ण इमारत’. एका कोपऱ्याची तुळई बदलून, दोन खांबांना टेकू देऊन चालणारं काम होतं. पण आपल्याकडे वाड्याची दुरुस्ती जाणणारा अभियंता नोटीस देणाऱ्याच्या टेबलावर बसत नाही. तिथे बसतो तो सिमेंट-सळईचं शिक्षण घेतलेला, आणि त्याला लाकडी सांगाडा पाहून प्रामाणिकपणे भीती वाटते.

या सगळ्याहून मला जास्त राग आहे तो रुंदीकरणाच्या रेषेचा. विकास आराखड्यात जुन्या शहराच्या गल्ल्यांवर रेषा ओढून ठेवल्या आहेत. रस्ता पुढे एवढा रुंद होणार, म्हणून रेषेच्या आत नवीन काही बांधायचं नाही. भाषा साधी आहे, परिणाम भयंकर. वाड्याच्या पुढच्या पंधरा फुटांतच तर त्याची ओळख असते: दरवाजा, दिंडी, देवडी, त्यावरचा सज्जा. तेवढं कापलं की पहिला चौक उघडा पडतो; शतकभर पावसाचा थेंब न पाहिलेली आतली लाकडी सपरी आता रस्त्यावर येते. उरलेला भाग मग कोणी का ठेवावा? केळीबाग रस्त्याच्या रुंदीकरणात बडकस चौकापर्यंत घरांचे पुढचे भाग कसे गेले, ते सगळ्यांनी पाहिलं आहे. त्याआधीच्या पिढीनं इंप्रूव्हमेंट ट्रस्टनं जुन्या वस्तीतून काढलेला सेंट्रल अव्हेन्यू पाहिला. तो निदान एक मोठा रस्ता झाला. महालातल्या गल्ल्या रुंद करून जे मिळतं ते म्हणजे गाड्या उभ्या करायला जागा.

पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश नगररचनाकार १९१४ मध्ये भारतात आला आणि पुढची अनेक वर्षं इथल्या शहरांचे अहवाल लिहीत हिंडला. त्याचं एक म्हणणं असं की, जुन्या वस्तीत सरळ रेषा मारून रस्ता काढू नका. अगदी पडायला आलेलं एखादं घर काढा, तिथे झाड लावा, बोळ बोळाला जोडा, आणि बाकीचं राहू द्या. आपल्याकडे शंभर वर्षांनंतरही आराखडा करणाऱ्याला पट्टी सोडवत नाही. आणि आता तर सबबही उरलेली नाही. डिसेंबर २०२२ पासून मेट्रो सेंट्रल अव्हेन्यूवरून प्रजापती नगरपर्यंत धावते. चितार ओळीच्या नावाचं स्टेशन आहे. तिथे उतरून बडकस चौकात पायी जाता येतं. मेट्रोवर एवढा पैसा घालून झाल्यावर त्याच वस्तीत मोटारींसाठी वाडे कापायचे, हे कोणत्या हिशेबात बसतं?

वारसा यादीचं काय, असं कोणी विचारेल. नागपूरची यादी या शतकाच्या सुरुवातीला झाली, दीडशेच्या वर नोंदी, श्रेणी एक-दोन-तीन. यादी चांगली आहे. पण ती मालकाला काय करू नको ते सांगते आणि कवेलूचे पैसे देत नाही. म्हणून मी ज्या मालकांना ओळखते, ते यादीत नाव येऊ नये म्हणून धडपडतात. राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियमावलीत वारसा इमारतीवर न वापरलेलं चटईक्षेत्र टीडीआर म्हणून विकायची सोय आहे. मुंबईत अशी सोय फार आधीपासून आहे. कागदावर हा उत्तम उपाय. महालात तो चालत नाही, कारण टीडीआर मागायला मालकी निर्विवाद हवी. निर्विवाद मालकीचा वाडा मला दाखवा! सहा भाऊ, त्यातले दोन वारलेले, त्यांच्या मुली आता कायद्यानं बरोबरीच्या हिस्सेदार (आणि ते योग्यच आहे), एक जण अमेरिकेत, वाटणीचा दावा अपिलात, आणि खाली नऊ भाडेकरू. या सगळ्यांच्या सह्या एका अर्जावर कधीच येत नाहीत. बिल्डरच्या करारावर मात्र येतात, कारण तो प्रत्येकाला स्वतंत्र रक्कम देतो.

मग शासनानंही तसंच करावं. टीडीआरची रक्कम कोर्टात जमा होऊ द्या, हिश्शाचा वाद पैशावर चालू द्या, इमारतीवर नको. त्यातला ठरावीक भाग भाडेकरूला द्या, तो राजीखुशीनं जाईल किंवा कायमचा राहील. आणि एक भाग दुरुस्तीसाठी बांधून ठेवा. भूसंपादनात मोबदला कोर्टात भरून वाद नंतर सोडवण्याची रीत आपल्याकडे आहेच. पाडण्यासाठी जी युक्ती सुचते ती राखण्यासाठी का सुचू नये? आणि पुढच्या आराखड्यात महालाच्या आतल्या गल्ल्यांवरची रुंदीकरणाची रेषा काढून टाका. त्याला एक रुपया लागत नाही.

एक मागणी माझ्या स्वतःच्या बिरादरीकडेही आहे. जुन्या दिवाणी प्रकरणांच्या फायली ठरावीक मुदतीनंतर छाटून नष्ट केल्या जातात. त्यांत कमिशनरचे नकाशे आहेत, खणाखणाची मापं आहेत, सुतार-गवंड्यांच्या साक्षी आहेत, आणि त्यातले बरेच वाडे आता जमिनीवर नाहीत. नागपूरच्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान संस्थेत वास्तुशास्त्राचा विभाग आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना त्या फायली नष्ट होण्याआधी बसून उतरवून घ्यायला परवानगी मिळावी. महाल, इतवारी, शुक्रवारी अशा वस्तीवार गठ्ठे लावून द्यायला माझ्यासारखे निवृत्त वकील आनंदानं बसतील. कोणत्या फायलीत नकाशा आहे आणि कोणत्यात नुसत्या तारखा, ते आम्हाला कव्हर पाहून कळतं.